मेणवेलीचं पाणी

एव्हिस स्मेडलीच्या झाडांना पाणी घालायचं, एवढंच काम होतं.

एव्हिस माझी समोरची शेजारीण, वय एक्याऐंशी. जूनच्या सुरुवातीला ती अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिला बर्नीच्या इस्पितळात न्यावं लागलं. रुग्णवाहिकेत चढवत असताना तिनं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "सोमवारी आणि गुरुवारी. जास्त घालू नकोस, पोरी. तुझा हात सैल आहे."

मी सहासष्ट वर्षांची आहे. मला पोरी म्हणणारं गावात तेवढं एकच माणूस उरलंय.

आमच्या स्टॅन्लीत झाडं घरातच वाढवावी लागतात. बाहेर वारा काही उभं राहू देत नाही, आणि वारा थांबला तर खारी हवा पानं जाळते. एव्हिसच्या घराच्या मागच्या बाजूला काचेची पडवी आहे. तिथं तेवीस कुंड्या होत्या, आणि त्यांतली एकही तिनं विकत आणलेली नव्हती. कोणीतरी फांदी मोडून दिलेली, कोणी मुळं वाटून दिलेली, कोणाच्या घरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. खिडकीत एक जुनी वही असायची. तिच्यात प्रत्येक झाडाची एक ओळ. ‘नाताळ निवडुंग – सासूबाईंकडून, शेत सोडलं त्या दिवशी.’ ‘नेचा – डोरीनच्या उशाशी होता, शेवटच्या आजारात.’ ‘लाल जिरेनियम – पाद्रीबाबांच्या कुंपणातून, न विचारता, माझ्या लग्नाच्या सकाळी.’ देणारी बहुतेक माणसं गेली होती. एव्हिस झाडांशी बोलत वगैरे नसे. पण मी पूर्वी बघितलं होतं, पाणी घालताना प्रत्येक कुंडीपुढे ती जराशी थांबायची. ओळखीचं माणूस रस्त्यात भेटल्यावर आपण थांबतो, तशी.

शेवटून तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘मेणवेल – रेलीनकडून. तिच्या एवनची.’

रेलीन म्हणजे मी. एवन माझा मुलगा.

नऊ वर्षांपूर्वी तो बुडाला. सव्वीस वर्षांचा होता. कोरी मेडविन नावाच्या त्याच्या मित्राची शेवंडं पकडायची बोट होती, आणि वादळाची सूचना असताना दोघं पिंजरे उचलायला बाहेर पडले. एवन तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. कोरी कधीच सापडला नाही. बोट कोरीची, सुकाणूवर कोरी, म्हणून माझ्या लेखी दोषही त्याचाच. एवनला पुरलं त्या दिवशी कोरीची आई ग्लेनिस दफनभूमीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. सगळं गाव ऐकत असताना मी तिला म्हणाले, "तुझ्या पोरानं माझं पोर नेलं. तू इथं येऊ नकोस." ती वळली आणि निघून गेली. त्यानंतर नऊ वर्षं, पाचशे माणसांच्या या गावात, आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. ती पावाच्या दुकानात दिसली की मी बाहेर थांबायची. मी दिसले की ती रस्ता ओलांडायची.

मेणवेल एवननं आणली होती. जॅमच्या बाटलीत पाणी, पाण्यात दोन पानांची काडी. कुठून आणलीस विचारलं, तर "मिळाली" म्हणाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती वाढत गेली. जाड, चकचकीत पानं, आणि उन्हाळ्यात मेणातून कोरून काढल्यासारखे फुलांचे गुच्छ. संध्याकाळी मधासारखा वास सुटायचा. तो गेल्यावर मला ती डोळ्यांसमोर नको झाली. उचलली आणि एव्हिसकडे नेऊन दिली. "फेकून दे," म्हणाले. एव्हिसनं फेकली नव्हती, हे मला माहीत होतं. पण नऊ वर्षांत तिच्या पडवीत मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

त्या पहिल्या सोमवारी टाकलं.

वेल ओळखू येईना. तारेवरून चढून तिनं पडवीचा अर्धा कोपरा व्यापला होता. आणि तिला फुलं होती. जूनमध्ये, आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन थंडीत. मी पाण्याची झारी तशीच हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मग सगळ्यांना पाणी घातलं, तिलाही थोडं घातलं, आणि घाईनं बाहेर पडले.

गुरुवारी गेले तेव्हा तिच्या कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली होती.

मला वाटलं, माझंच पाणी जास्त झालं असेल. बशी ओतून दिली, फडक्यानं पुसली, आणि त्या दिवशी तिला थेंबभरही घातलं नाही. सोमवारी बशी पुन्हा भरलेली. या वेळी पाणी बशीतून उतू जाऊन फरशीवर आलं होतं. छप्पर बघितलं, कोरडं होतं. काचा बघितल्या. फक्त त्या एका कोपऱ्यातली काच आतून धुरकटली होती, कोणी जवळ उभं राहून श्वास सोडावा तशी. मी वाकून बोट बुडवलं. पाणी बर्फासारखं गार होतं. का कोण जाणे, मी ते बोट जिभेला लावलं.

खारट होतं.

घरी येऊन मी एव्हिसला फोन लावला. शस्त्रक्रिया होऊन गेली होती, आवाज बारीक होता पण शुद्धीतला होता.

"एव्हिस, त्या मेणवेलीच्या बशीत पाणी साठतंय."

"तू घातलंस का तिला?"

"पहिल्या दिवशी. थोडं."

"घालायचं नाही. मी कधी घातलेलं नाही."

"कधीपासून?"

"तू आणून दिलीस तेव्हापासून. तिच्या शेजारचा बेगोनिया हलवलास का? हलव. त्याला मीठ सोसत नाही."

मी फोन घट्ट धरला. हवापाण्याचं बोलावं तसं ती बोलत होती.

"एव्हिस… तुला माहीत होतं?"

"काय माहीत असायचंय, पोरी. पाणी येतं. मी पुसते. कधी संध्याकाळी मधाचा वास येतो, मग डिझेलचा येतो. मी दिवा लावून आत येऊन बसते. कोणाला त्रास नाही."

"तू मला सांगितलं का नाहीस? नऊ वर्षं…"

"कारण तू ती घरी घेऊन गेली असतीस," एव्हिस म्हणाली. "नेऊ नकोस. माझ्याकडे ती कोणाचीच नाही, म्हणून गप्प आहे. तिच्यात कोण आहे ते तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही."

मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. माझ्या मुलानं माझ्या खिडकीत वाढवलेली वेल होती ती. दुसरं कोण असणार होतं तिच्यात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेल तारेवरून सोडवली. दोन तास लागले. एकही पान तुटू दिलं नाही. कुंडी छातीशी धरून रस्ता ओलांडला आणि तिला तिच्या जुन्या जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. खिडकीच्या लाकडावर नऊ वर्षांपूर्वीचं कुंडीचं वर्तुळ अजून होतं. तिथं ती नेमकी बसली.

त्या दिवशी मी सुखी होते, हे मला सांगितलंच पाहिजे. वेडेपणा असेल. पण मी एवनची खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, आणि चार वाजता दोन कपांत चहा ओतून बसले.

साडेचारला इथं अंधारून येतं. आधी मधाचा वास आला. खोलीत कोणीतरी दार उघडावं तसा हळूच, आणि मग भरून राहिला. वारा पडलेला होता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मधाच्या वासाखालून दुसरा वास वर आला, ओल्या दोराचा, डिझेलचा, शेवाळाचा. खिडकीतून एक थेंब खाली पडला. मग दुसरा. मी वळून बघितलं नाही. बघितलं तर जाईल अशी भीती वाटली.

"एवन," मी म्हणाले. "बाळा… ये. मी इथंच आहे."

माझ्या मागे फरशीवर रबरी बुटाचा चिकट आवाज झाला. एक. थोड्या वेळानं आणखी एक. पावलं माझ्या खुर्चीच्या मागून गेली. गार हवा मानेला लागली. ती पावलं एवनच्या खोलीकडे वळली नाहीत. सरळ पुढच्या दाराकडे गेली आणि तिथं थांबली. मी कितीतरी वेळ वाट बघितली. दिवा लावला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला पायपुसण्यावर पाणी साचलं होतं.

पुसताना मी रडले. आनंदानं रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आवडीचं जेवण केलं, सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे, वर कांद्याचा दाट रस्सा. बोलत राहिले. त्याचे वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, ते सगळं बोलले. त्याच्या मोटारसायकलवरून मी त्याला किती बोलायची, त्याबद्दल माफी मागितली. पावलं आली, माझ्या मागून गेली, आणि दाराशी जाऊन थांबली. माझ्या बोलण्यानं काही हललं नाही. तिसऱ्या दिवशीही तसंच. ताट तसंच गार झालं. फक्त दाराशी पाणी जास्त होतं, आणि दाराच्या लाकडावर, माणसाचं कपाळ येईल त्या उंचीला, एक ओला डाग होता. कोणीतरी डोकं टेकवून उभं राहिल्यासारखा.

त्या डागापुढे मी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं. डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. एवन माझ्यापेक्षा हातभर उंच होता.

चौथ्या दिवशी मी चहा केला नाही. खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसले आणि फरशीवर स्वयंपाकघरापासून दारापर्यंत पीठ भुरभुरवलं. केक करताना ओट्यावर भुरभुरवतो तसं, पातळ.

मध आला. डिझेल आलं. पिठात पहिलं पाऊल उमटलं.

माणूस दिसला नाही. पाऊल दिसलं, आणि त्यात हळूहळू पाणी भरत गेलं. मग दुसरं. बुटाचा ठसा आखूड होता. उजवा सरळ पडत होता. डावा प्रत्येक वेळी आत वळत होता, आणि त्याच्या मागे पिठात एक ओढलेली रेघ राहत होती.

कोरी मेडविन एकोणीस वर्षांचा असताना दोर ओढायच्या यंत्रात त्याचा डावा पाय सापडला होता. तेव्हापासून तो पाय आत टाकून चालायचा. धक्क्यावर पाठमोरा दिसला तरी अख्खं गाव त्याला ओळखायचं.

पावलं दाराशी थांबली. मी हळूच विचारलं.

"कोरी?"

दाराची मूठ हलली. अगदी थोडी, खाली आणि पुन्हा वर. तीन दिवस मी एवन, एवन म्हणून हाका मारत होते तेव्हा या घरात काही हललं नव्हतं.

मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आधी जे आलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. राग आला. मेल्यावरसुद्धा हाच. माझ्या खिडकीत, माझ्या फरशीवर, मी धुतलेली चादर घालून ठेवलेल्या घरात हाच आला, आणि माझा नाही. मी उठले, किटली चुलीवर ठेवली. पाणी उकळलं. किटली घेऊन मी त्या कुंडीपाशी गेले. मुळांवर उकळतं पाणी ओतलं की झाड संपतं, एवढं मला कळत होतं.

वेलीची पानं किटलीच्या वाफेनं ओलावली. दाराशी उभं असलेलं ते काहीच करत नव्हतं. नुसतं उभं होतं, घरी जायचं असलेल्या माणसासारखं. दार उघडायची परवानगी मागत.

मी किटली मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंडी घोंगडीत गुंडाळली, गाडीत पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला ग्लेनिस मेडविनच्या घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. भर दुपार होती तरी तिच्या ओसरीवरचा दिवा जळत होता. तो कधीच विझत नाही हे गावाला माहीत होतं.

तिनं दार उघडलं. खूप बारीक झाली होती. माझ्याकडे बघितलं, मग घोंगडीकडे.

"काय आहे?"

मी घोंगडीचं टोक बाजूला केलं. ग्लेनिसनं एक पान दोन बोटांत धरलं. धरूनच राहिली.

"ही माझ्या आईची वेल," ती म्हणाली. "तुझ्याकडे कुठून?"

"एवननं आणली होती. कुठून ते त्यानं कधी सांगितलं नाही."

"कोरीनं दिली असणार. एवनच्या वाढदिवसाला द्यायला काही सुचेना म्हणून काडी तोडत होता, मी ओरडले होते त्याला." तिचा आवाज अडखळला. "माझी त्याच आठवड्यात वाळली. ज्या आठवड्यात ते… तीस वर्षांची वेल, सात दिवसांत काडी झाली."

"आत येऊ का?" मी विचारलं.

ती बाजूला झाली. तिच्या स्वयंपाकघरात मी सगळं सांगितलं. पाणी, वास, पीठ, डावा पाय. वाटलं होतं ती मला हाकलून देईल, वेडी म्हणेल. ती टेबलाशी बसून ऐकत राहिली. डाव्या पायाचं ऐकून तिनं डोळे मिटले.

"दाराशी उभा राहायचा?"

"रोज."

"घराकडे तोंड करून?"

त्याचा अर्थ मला आधी कळला नाही. मग कळला. माझं पुढचं दार तिच्या घराच्या दिशेला आहे.

"हो," मी म्हणाले.

ती बराच वेळ रडली. मी हात पुढे केला नाही, मला ते जमलं नाही. पण म्हणाले, "ग्लेनिस, त्या दिवशी फाटकाशी मी जे बोलले…"

"जाऊ दे."

"नाही, बोलू दे मला. कोरीनं मुद्दाम काही केलं नव्हतं. बोट त्याची होती म्हणून मी…"

"रे," ती म्हणाली. एवन गेल्यापासून मला रे म्हणून कोणी हाक मारली नव्हती. "पुरे."

पण मला थांबता येईना. "वादळ असताना त्यानं एवनला बोलावलं, एवढंच माझ्या मनात…"

ग्लेनिस उठली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. त्या पाठीकडे बघताना मला एकदम थंडी वाजली.

"ग्लेनिस?"

"चहात साखर घेतेस अजून?"

"त्या सकाळी काय झालं?"

"काही नाही."

"कोण कोणाकडे गेलं होतं?"

ती वळली. तिचा चेहरा थकलेला होता, आणि त्यात माझ्याबद्दल राग नव्हता. तेच मला सहन होईना.

"कोरीला दोन दिवस ताप होता," ती हळू म्हणाली. "झोपला होता. साडेपाचला एवन आला. तू आत्ता बसलीयस तिथंच उभा होता, पिवळा रेनकोट घालून. म्हणाला, आज पिंजरे उचलले नाहीत तर वादळात सगळे जातील. मी नको म्हणाले. कोरी नको म्हणाला. एवन हसला. म्हणाला, मी एकटा जातो मग. एकट्याला कसा जाऊ देणार होता कोरी?… उठला आणि गेला."

खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी ओरडत होता. मला तो आवाज अजून आठवतो. त्यानंतरचा काही काळ आठवत नाही.

"नऊ वर्षं," मी म्हणाले. "नऊ वर्षं तू हे बोलली नाहीस. मी तुला फाटकातून हाकललं."

"सांगून काय झालं असतं? माझा तर परत येणार नव्हता." तिनं माझ्यापुढे कप ठेवला. "तुझ्याकडे पुरायला निदान मुलगा होता. तो चांगला राहू दे तुझ्यासाठी, असं वाटलं मला."

मग मी रडले, आणि तिनं हात पुढे केला. तिला ते जमलं.

वेल आम्ही तिच्या खिडकीत ठेवली, तिच्या आईची जिथं असायची तिथं. साडेचारला वास आला. आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. पावलं खिडकीपासून निघाली, दाराकडे गेली नाहीत. टेबलाला वळसा घालून ग्लेनिसच्या खुर्चीशी आली आणि तिथं थांबली. तिनं मागे वळून बघितलं नाही. नुसता स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला, जसा कोणी दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. तिचा ब्लाऊज खांद्यापाशी हळूहळू भिजत गेला.

मी गुपचूप उठून घरी आले. त्या रात्री ग्लेनिसच्या ओसरीवरचा दिवा बंद झाला. गावानं दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल चर्चा केली, पण का ते कोणाला कळलं नाही.

पुढचे पाच आठवडे बरे गेले. मी आठवड्यातून दोनदा ग्लेनिसकडे जाऊ लागले. ती पाणी पुसायची नाही, फरशीवर जुने टॉवेल घालून ठेवायची. पावलं रोज येत, तिच्यापाशी थांबत, आणि अंधार पडला की वाळून जात. ती खाऊ लागली, चेहऱ्यावर थोडं तेज आलं. एव्हिस घरी परतली, कुबड्या घेऊन पडवीत हिंडू लागली. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं वही मागितली आणि मेणवेलीच्या ओळीत माझं नाव खोडलं, एवनचं खोडलं. त्यापुढे काय लिहावं हे तिला सुचेना. ओळ तशीच रिकामी ठेवली.

"जिचं होतं तिला मिळालं," मी म्हणाले.

एव्हिसनं पेन मिटलं. "एका वेलीला किती जण धरून असतात ते कोणी मोजलंय, पोरी," ती म्हणाली. मला वाटलं, वयाचं बोलणं आहे.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, चार वाजून गेल्यावर माझा फोन वाजला. ग्लेनिस होती. ती इतकं हळू बोलत होती की मला आधी तिचा आवाजच ओळखू आला नाही.

"रे… इकडे येऊ नकोस. फक्त ऐक."

"काय झालं?"

"मी दुकानात गेले होते. आत्ता आले. आज ते लवकर आलेत… फरशी सगळी ओली आहे."

"कोरी?"

"कोरी आहे. डावा पाय आहे." तिचा श्वास ऐकू येत होता. "त्याच्या शेजारी मोठे ठसे आहेत. लांब. सरळ."

मी उभी राहिले. हात आपोआप छातीवर गेला. "एवन," मी म्हणाले. "ग्लेनिस, तो एवन आहे. त्याचे पाय मोठे होते. मी येते, मी लगेच…"

"येऊ नकोस म्हणतेय ना." पलीकडे कुठंतरी पाणी ठिबकत होतं. "ते दोघं वेलीपाशीच थांबलेत. भिंतीला अगदी चिकटून… दोन्ही बुटांच्या टाचा भिंतीला लागल्यात. वाट द्यायला सरकावं तसे. तिसरे ठसे मधून गेलेत."

"तिसरे?"

"अनवाणी आहेत. लहान. वेलीपासून निघालेत ते थांबले नाहीत. माझ्या झोपायच्या खोलीत गेलेत. बाहेर आलेले दिसत नाहीत."

मी गाडीची किल्ली उचलली.

"रे," ती कुजबुजली, "त्या दिवशी बोटीत दोघंच होते ना?"